उड्डाणानंतर इंजिन गेलं, तर कोणी लगेच उतरतं आणि कोणी तासभर घिरट्या घालतं. असं का?

निळाई

एका इंजिनावर विमान उडतं आणि उतरतं, हे माहीत आहे. माझं अडतंय ते वेळेच्या हिशोबावर.

दोन उदाहरणं देते. २० फेब्रुवारी २०२१ ला डेन्व्हरहून होनोलुलूकडे निघालेल्या युनायटेड ३२८ या बोइंग ७७७ चं उजवं इंजिन फुटलं आणि विमान उड्डाणापासून अर्ध्या तासाच्या आत डेन्व्हरलाच उतरलं. ४ नोव्हेंबर २०१० ला सिंगापूरहून निघालेल्या क्वांटास ३२ या ए-३८० चं दोन क्रमांकाचं इंजिन फुटलं, पण ते विमान जवळपास पावणेदोन तास हवेत होतं. दोन्हीकडे सगळे सुखरूप, आणि दोन्ही निर्णय बरोबरच होते असं सगळे म्हणतात.

१. धावपट्टी सोडतानाच इंजिन गेलं, तर कॉकपिटमध्ये नेमकं कशानंतर काय करतात? ४०० फुटांपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असा नियम का?
२. लगेच उतरायचं की थांबायचं, हे कशावर ठरतं?
३. टाकीभर इंधन घेऊन उतरल्यास विमानाला नक्की काय होतं?

७३७-८०० धरून उत्तर दिलंत तर जास्त बरं, कारण सध्या अभ्यास त्याचाच चालू आहे.

---

उजवी सीट

क्रमाने घेऊ.

व्ही-१ हा वेग ओलांडला की उरलेल्या धावपट्टीत थांबता येईल याची हमी संपते. म्हणून त्या क्षणी कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा (इंजिनाची ताकद कमीजास्त करणाऱ्या दांड्यावरचा) हात काढून घेतात. हात तिथेच राहिला, तर दचकून तो मागे ओढला जाण्याची भीती असते. व्ही-१ नंतर इंजिन गेलं की उड्डाण करायचंच.

नाक बंद पडलेल्या इंजिनाच्या बाजूला वळू लागतं. ते रडरनेच (शेपटीवरच्या उभ्या, पायाने चालणाऱ्या पल्ल्याने) सरळ करायचं, चालू इंजिनाच्या बाजूचा पाय दाबून. नवशिके इथे कंट्रोल व्हील फिरवतात. व्हील जास्त फिरलं की ७३७ च्या पंखावरचे स्पॉइलर (हवा अडवणाऱ्या फळ्या) वर येतात, ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळा वाढतो, आणि आधीच निम्मी झालेली ताकद त्यात खर्ची पडते. व्हील सरळ आणि नाक सरळ, म्हणजे पाय बरोबर पडला.

नाक उचलायचं ते नेहमीपेक्षा किंचित सावकाश आणि १२-१३ अंशांपर्यंतच. दोन इंजिनांच्या सवयीने १५ अंशांवर नेलंत तर वेग व्ही-२ च्या, म्हणजे एका इंजिनावर सुरक्षित चढण्याच्या किमान वेगाच्या, खाली जातो. चढाईचं सगळं गणित व्ही-२ वर बेतलेलं असतं. चाकं आत घेतल्यावर दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर किमान २.४ टक्के चढ मिळालाच पाहिजे, असा प्रमाणीकरणाचा नियम आहे. २.४ टक्के म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना फक्त २४ मीटर वर. उन्हाळ्याच्या दिवशी भरलेल्या विमानाला याहून फारसं जास्त मिळत नाही. चाकं बाहेर राहिली तर तेवढंही नाही, म्हणून विमान वर जातंय याची खात्री होताच चाकं आत.

आता ४०० फूट. तिथपर्यंत फक्त विमान उडवायचं. आग लागली असेल तर घंटा बंद करायची, बाकी काही नाही. बंद पडलेलं इंजिन दहा-पंधरा सेकंद उशिरा 'बंद' केल्याने काही बिघडत नाही. चुकून चालू इंजिन बंद केलं तर मात्र सगळंच संपतं.

त्यानंतर आग किंवा गंभीर मोडतोड असेल तर ७३७ मध्ये तोंडपाठ कृती असतात: ऑटोथ्रॉटल (ताकद आपोआप राखणारी यंत्रणा) बंद; त्या बाजूचा थ्रस्ट लिव्हर मागे; स्टार्ट लिव्हर कटऑफला, म्हणजे इंधन बंद; फायर स्विच वर ओढायचा. दिवा विझला नाही तर स्विच एका बाजूला पूर्ण फिरवून एक सेकंद धरायचा, म्हणजे आग विझवणारी पहिली बाटली सुटते. ३० सेकंदांनंतरही दिवा पेटलेलाच असेल तर उलट बाजूला फिरवून दुसरी. प्रत्येक लिव्हर हलवण्याआधी एकाने त्यावर हात ठेवून 'कन्फर्म?' विचारायचं आणि दुसऱ्याने डोळ्यांनी पाहून 'कन्फर्म' म्हणायचं. न पाहता, सवयीने म्हटलेलं 'कन्फर्म' धोक्याचं.

हे किती महत्त्वाचं आहे, ते ८ जानेवारी १९८९ च्या केगवर्थ अपघातात दिसतं. ब्रिटिश मिडलंडच्या ७३७-४०० च्या डाव्या इंजिनातलं पंख्याचं पातं तुटलं होतं आणि वैमानिकांनी उजवं बंद केलं. तसं करताना ऑटोथ्रॉटल काढल्यामुळे डाव्या इंजिनावरचा ताण उतरला आणि थरथर व धूर कमी झाला. त्यांना वाटलं, निदान बरोबर ठरलं. डावं इंजिन शेवटच्या टप्प्यात पूर्ण गेलं आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे महामार्गाच्या बांधावर आदळलं. ४७ जण गेले. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ चंही तेच झालं. ते टर्बोप्रॉप होतं, पण चूक हीच: ताकद गेली होती दोन नंबरच्या इंजिनाची, मागे ओढला गेला एक नंबरचा लिव्हर. तिथे ४३ जण गेले.

पुढचं थोडक्यात: ठरलेल्या उंचीवर नाक खाली घेऊन वेग वाढवायचा, फ्लॅप (पंखामागचे, कमी वेगात विमान उचलून धरणारे पल्ले) आत घ्यायचे, ताकद मॅक्स कंटिन्युअसवर (सतत वापरता येईल अशा कमाल पातळीवर) आणायची, कारण टेक-ऑफची पूर्ण ताकद एका इंजिनावर १० मिनिटांपुरतीच वापरता येते. मग चेकलिस्ट. मग कंट्रोलरशी सविस्तर बोलणं. 'मेडे' आधीच दिलेला असतो; बाकीचे प्रश्न त्यांनी विचारले तर 'स्टँडबाय' म्हणायला संकोच करू नये.

---

फॅन केस

उजवी सीट यांनी लिहिलेल्या 'काही बिघडत नाही' मागचं कारण इंजिनाच्या बांधणीत आहे. इंजिनाभोवतीची फायरवॉल 'फायरप्रूफ' ठरण्यासाठी सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या ज्वाळेत १५ मिनिटं टिकावी लागते. म्हणून चढाईच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात घाई नको. आणि म्हणूनच, बाटल्या सोडूनही आग विझत नसेल तर पुढे रेंगाळायचंही नाही. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच.

युनायटेड ३२८ मध्ये दोन्ही बाटल्या सोडल्यावरही आगीचा इशारा विझला नाही. तो विझला विमान उतरणीच्या वळणाशी आल्यावर. अशा वेळी इंधन सोडत फिरत बसणं हा पर्यायच नव्हता, आणि त्या वैमानिकांनी तो घेतला नाही. वजन मर्यादेपेक्षा जास्त असूनही ते थेट उतरले.

क्वांटास ३२ ची गोष्ट उलटी. इंजिनात तेल नेणारी एक आखूड नळी चुकीच्या छिद्रणामुळे एका बाजूला पातळ राहिली होती. ती तडकली, तेल गळून आग लागली, इंटरमीडिएट टर्बाइनची डिस्क शाफ्टपासून सुटली, बेफाम वेग घेऊन फुटली आणि तिचे तुकडे पंखातून आरपार गेले. वायरिंगचे जुडगे कापले गेले, टाकी फुटून इंधन गळू लागलं, एक हायड्रॉलिक यंत्रणा गेली, इंधन हवेत सोडण्याची सोयही निकामी झाली. पण आग धुमसत राहिली नव्हती. तेव्हा 'किती लवकर' यापेक्षा 'उतरताना हे विमान ऐकेल का, आणि थांबेल का' हा प्रश्न मोठा होता. पडद्यावर येणारे संदेश निस्तरायलाच त्यांना सुमारे ५० मिनिटं लागली. घाईने खाली आले असते तर धावपट्टीवर पोहोचल्यावर कळलं असतं की ब्रेक अर्धेच लागताहेत.

पातं आणि डिस्क (पाती बसवलेली जड चकती) यांत लोक गोंधळतात. एक पातं सुटलं तर ते केसिंगने अडवलंच पाहिजे, तशी चाचणीच घेतात. डिस्कची ऊर्जा इतकी प्रचंड असते की ती अडवेल असं केसिंग घालून विमान उडणार नाही. तिथे भिस्त डिस्क फुटूच नये यावर. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्ट १३८० च्या ७३७-७०० मध्ये २४ पैकी १३ क्रमांकाचं पातं मुळाशी थकव्याच्या तड्याने तुटलं. केसिंगने पातं अडवलं, पण त्या धक्क्याने बाहेरच्या आवरणाचे तुकडे झाले. त्यातला एक खिडकीवर आदळला, केबिनचा दाब गेला आणि एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर या इंजिनांच्या पात्यांची मुळं अल्ट्रासाउंडने तपासणं सक्तीचं झालं.

---

निळाई

@फॅन केस, मग मागून ज्वाळा दिसतात पण कॉकपिटमध्ये आगीची घंटा वाजत नाही, असं वाचलं होतं. सेन्सर चुकतो का?

---

फॅन केस

नाही, सेन्सर बरोबरच असतो. फायर लूप म्हणजे आग ओळखणारे सेन्सर बसवलेले असतात इंजिनाचा गाभा आणि बाहेरचं कवच यांच्या मधल्या पोकळीत. तिथे गळती होऊन आग लागली तरच घंटा वाजते. मागून दिसणाऱ्या ज्वाळा बहुधा गाभ्याच्या आतल्या असतात, म्हणजे जिथे आग असायलाच हवी तिथल्याच, फक्त जागा सोडून बाहेर आलेल्या.

हवेत हे बहुधा सर्जमुळे होतं. पक्षी आत गेला किंवा पाती झिजली की कंप्रेसरमधला प्रवाह तुटतो, हवा क्षणभर उलटी फिरते, 'धाड धाड' असे आवाज येतात आणि न जळलेलं इंधन बाहेर पेटतं. लिव्हर हळूहळू मागे घेतला की बहुतेक वेळा थांबतं.

जमिनीवर इंजिन सुरू किंवा बंद करताना टेलपाइपमध्ये आग लागली तर फायर बाटली वापरून उपयोग नाही. बाटलीतला हॅलॉन (आग विझवणारा वायू) त्या बाहेरच्या पोकळीत सुटतो, गाभ्यात जात नाही. इंधन बंद करून स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवत ठेवायचं. हवेच्या झोताने आग विझते. फायर स्विच ओढला तर ब्लीड (इंजिनातून काढून घेतलेली दाबाची हवा) बंद होऊन स्टार्टरला लागणारी हवाच तुटू शकते, म्हणजे होता तो उपायही हातचा जातो.

आणखी एक: ७३७ मध्ये दोन बाटल्या दोन्ही इंजिनांना सामाईक असतात. ए-३२० मध्ये प्रत्येक इंजिनाला दोन स्वतंत्र.

---

तराजू

तिसरा प्रश्न वजनाचा, तो मी घेतो.

७३७-८०० चं कमाल टेक-ऑफ वजन ७९,०१० किलो, कमाल लँडिंग वजन ६६,३६० किलो. पूर्ण भरून निघून लगेच परतायचं तर साडेबारा टन जादा. या विमानात इंधन हवेत सोडायची सोयच नाही, ए-३२० मध्येही नाही. ७७७, ए-३८० अशा मोठ्या विमानांत असते, कारण त्यांच्या दोन वजनांमधली तफावत फार मोठी. सोडायचं तर शक्यतो ६,००० फुटांच्या वर, म्हणजे जमिनीवर येण्याआधी ते उडून जातं.

'जादा वजनाने उतरलं की चाकं मोडतात' हा गैरसमज. कमाल लँडिंग वजनाला मिनिटाला ६०० फूट वेगाने आपटणं सोसेल आणि कमाल टेक-ऑफ वजनाला मिनिटाला ३६० फूट सोसेल, अशी बांधणी असावीच लागते. नेहमीचं लँडिंग १०० ते २०० च्या आसपास असतं. म्हणजे हलक्या हाताने टेकवलं तर गिअर (चाकांचा सांगाडा) सहज झेलतो. नंतर तपासणी लागते, एवढंच.

खरं दुखणं ब्रेकचं. टेकण्याचा वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, पण ब्रेकना जिरवायची ऊर्जा वजन गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे वजनाच्या वर्गाने वाढते. ७९ टनांना ६६.३६ टनांच्या तुलनेत ती सुमारे ४२ टक्के जास्त. त्यात ७३७ एका इंजिनावर फ्लॅप १५ ने उतरतं, ३० किंवा ४० ने नाही, कारण पुन्हा वर जायची वेळ आली तर पूर्ण फ्लॅपचा ड्रॅग एकटं इंजिन पेलणार नाही. फ्लॅप कमी म्हणजे वेग आणखी जास्त. आणि रिव्हर्सर (झोत पुढे वळवून विमान थांबवायला मदत करणारा) एकाच बाजूचा. म्हणून धावपट्टीचा हिशोब उतरण्याआधी मांडायचाच, तोही त्या दिवशीच्या वाऱ्या-पावसासकट.

क्वांटास ३२ सुमारे ५० टन जादा वजनाने ४,००० मीटर लांबीच्या धावपट्टीवर उतरलं, शेवटी अंदाजे १५० मीटर उरले. डाव्या बाजूचे ब्रेक ९०० अंशांपर्यंत तापले आणि चार टायर बसले.

---

उजवी सीट

तराजू यांच्या फ्लॅप १५ ला जोडून, अभ्यासात हमखास राहून जाणाऱ्या दोन गोष्टी.

एक, 'ग्राउंड प्रॉक्सिमिटी फ्लॅप इन्हिबिट' (कमी फ्लॅपचा इशारा दाबून ठेवणारा) स्विच लावायला विसरलात तर जमिनीजवळ आल्यावर 'टू लो, फ्लॅप्स' असं यंत्र ओरडू लागतं, नेमकं जेव्हा शांतता हवी असते तेव्हा.

दोन, रडर ट्रिम. एका इंजिनावर उडताना ट्रिम लावून ठेवलेला असतो, म्हणजे पाय न दाबताही रडर वळलेला राहतो. टेकताना चालू इंजिनाची ताकद मागे घेतली की तो लावलेला रडर उलट बाजूला खेचतो आणि नाक झटकन वळतं. म्हणून शेवटच्या टप्प्यात ट्रिम शून्यावर आणून तो भार पायावर घ्यायचा, म्हणजे लिव्हर मागे येईल तसा पाय सैल करता येतो. टेकल्यावर रिव्हर्सही बेतानेच, एका बाजूचा असल्यामुळे तोही खेचतो.

आग नसेल तर यासाठी दहा-पंधरा मिनिटं जरूर घ्यावीत. एपीयू (शेपटीतलं छोटं मदतनीस इंजिन) सुरू करणं, इंधनाचा तोल पाहणं, उतरणीची उजळणी, केबिनला निरोप, हे सगळं त्या वेळातच होतं.

---

जंपसीट

केबिनला जाणाऱ्या निरोपाचा साचा ठरलेला असतो, आम्ही त्याला निट्स म्हणतो: बिघाडाचं स्वरूप, पुढचा बेत, हातात उरलेला वेळ, खास सूचना. केबिनमधल्यांनी तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. वेळ सर्वांत महत्त्वाचा, कारण १० मिनिटं असतील तर ब्रेस पोझिशन (आदळण्याआधी वाकून बसण्याची पद्धत) समजावता येते. दोनच असतील तर दारं आणि पट्टे एवढंच.

थांबल्यावर लगेच स्लाइड उघडत नाहीत, यावर प्रवासी चिडतात. पण स्लाइडवरून उतरताना हाडं मोडतात, आणि एखादं इंजिन अजून फिरत असेल तर त्या बाजूने उतरणं जीवघेणं. आधी अग्निशमन दलाला बंद इंजिन बाहेरून पाहायला सांगतात. क्वांटास ३२ मध्ये तापलेल्या ब्रेकशेजारी इंधन गळत होतं आणि एक नंबरचं इंजिन बंदच होईना. फेस मारून मारून ते सुमारे तीन तासांनी थांबलं. ४६९ जणांना आतच बसवून ठेवलं आणि नंतर शिडी लावून एकाच दाराने उतरवलं.

आग दिसत असेल तर उलट. प्रमाणीकरणात निम्म्या दारांतून ९० सेकंदांत विमान रिकामं व्हावं लागतं, तेही बॅगा न घेता. दार उघडण्याआधी खिडकीतून बाहेर पाहायचं, त्या बाजूला ज्वाळा असतील तर दुसरं दार.

आणि वारा. २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरला ब्रिटिश एअरटूर्सच्या ७३७ च्या डाव्या इंजिनाचा ज्वलनकक्ष फुटून पंखाची टाकी भेदली गेली. उड्डाण थांबवून विमान उजवीकडे टॅक्सीवेवर वळवलं गेलं आणि वाऱ्याने ज्वाळा थेट धडावर आणल्या. ५५ जण गेले, बहुतेक धुराने. इंजिनाला आग असेल तर धावपट्टी मोकळी करण्याचा विचारही नको. आहे तिथेच थांबायचं, आणि जमलं तर आग वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील असं.

---

निळाई

सगळ्यांचे आभार, चित्र बरंच स्पष्ट झालं. शेवटचं: दोन्ही इंजिनं गेली तर हा सगळा क्रम कोलमडतो ना?

---

उजवी सीट

क्रम उलटा होतो. वर जायचा प्रश्न संपला, आता उंची हेच इंधन. १७:१ च्या आसपास ग्लाइड धरलं तर ३५,००० फुटांवरून वारा नसताना साधारण १८० किलोमीटर जाता येतं, वळणं आणि फ्लॅप धरले तर कमी. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटचं ए-३३० अझोरेसच्या लाजेस तळापासून सुमारे १२० किलोमीटरवर असताना दुसरं इंजिनही थांबलं. १९ मिनिटं तरंगत ते पोहोचलं, उलट उंची जास्त झाली म्हणून एक पूर्ण गिरकी घ्यावी लागली. सर्व ३०६ जण वाचले. तिथे मूळ दोष इंधनगळतीचा होता. डाव्या-उजव्या टाकीत तफावत दिसली म्हणून क्रॉसफीड (दोन्ही बाजूंचं इंधन जोडणारा व्हॉल्व्ह) उघडला गेला आणि चांगल्या टाकीतलं इंधनही गळक्या बाजूने निघून गेलं. तुमच्या नोंदींत हे अधोरेखित करा: तफावत दिसली की आधी गळतीची शंका, मग क्रॉसफीड.

उंची नसेल तर चेकलिस्ट पुरी होतच नाही. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलेल्या ए-३२० ला सुमारे २,८०० फुटांवर पक्षी आदळले आणि पाण्यापर्यंत २०८ सेकंद मिळाले. दोन इंजिनांची ती यादी मोठ्या उंचीसाठी लिहिलेली होती, तिचा पहिलाच भाग कसाबसा झाला. कॅप्टनने यादीत खूप पुढे असलेला एपीयू सगळ्यात आधी चालू केला, त्यामुळे वीज आणि नियंत्रणं शाबूत राहिली. नंतरच्या सिम्युलेटर चाचण्यांत लगेच वळल्यास लागार्डिया विमानतळ गाठता येत होतं. ३५ सेकंद विचाराला धरले की येत नव्हतं.

७३७ साठी एक फरक लक्षात ठेवा. ए-३२० मध्ये वीज गेली की रॅट हे छोटं पवनचक्र आपोआप बाहेर येऊन हायड्रॉलिक आणि आणीबाणीचा जनरेटर चालवतं. ७३७ मध्ये रॅट नाही. तिथे बॅटरी, आणि हायड्रॉलिक गेलं तर एलेव्हेटर-एलेरॉनला (नाक वर-खाली आणि पंख कलते करणाऱ्या पल्ल्यांना) थेट जोडलेल्या केबल. व्हील खूप जड होतं, दोघांनी मिळून ओढावं लागतं. एपीयू पटकन सुरू करण्याचं महत्त्व तिथे म्हणूनच जास्त.